व्हॉल्व्हचा ट्यूनर घेताय? जरा थांबा...

जुना व्हॉल्व्हवाला एफएम ट्यूनर घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठला घेऊ?" मग नावांचं पारायण सुरू होतं. मरँट्झ १०-बी, मॅकिंटॉश एमआर-७१, फिशर, स्कॉट, डायनाको... मागच्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघेही आपलेच, आयटीवाले, न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहणारे. माझं उत्तर ऐकून तिघेही हिरमुसले. कारण माझ्या मते ट्यूनर या यादीत चौथ्या नंबरावर येतो. आधी स्टेशन, मग अँटेना, मग दुरुस्तीवाला आणि त्यानंतर ट्यूनर. असं का, ते सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे चौथ्याला सांगताना घसा कोरडा करायला नको.

ज्यांना हा आजार अजून जडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्यूनर म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर काढून टाकलेला रेडिओ. अँटेनाकडून सिग्नल घ्यायचा, त्यातलं हवं ते स्टेशन निवडायचं, आवाज वेगळा काढायचा आणि अँप्लिफायरच्या हवाली करायचा, एवढंच त्याचं काम. 'ट्यूब' म्हणजे आपल्याकडे ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात तेच. आजोबांच्या मर्फी रेडिओत मागून डोकावलं की जे केशरी दिवे मिणमिणताना दिसायचे ना, ते. पण आजोबांच्या रेडिओत मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह असायचं. एफएम भारतात आलं १९७७ मध्ये, मद्रासला, आणि तोवर नव्या रेडिओंमधून व्हॉल्व्ह हद्दपार झाले होते. त्यामुळे व्हॉल्व्हचा एफएम ट्यूनर ही वस्तू आपल्या कुणाच्याच लहानपणी घरात नव्हती. ती मूळची अमेरिकेची आणि थोडीफार इंग्लंडची. हे मुद्दाम सांगतोय, कारण हा छंद स्मरणरंजन म्हणून करायचा असेल तर आपल्याला तसा हक्कच नाही! ज्याच्या आठवणीच नाहीत त्याचे कढ काय काढायचे? आपल्याला दुसरं कारण शोधावं लागतं, आणि ते एका परीने बरंच आहे.

या ट्यूनरांचा सुवर्णकाळ अगदीच छोटा. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने स्टीरिओ एफएमची पद्धत ठरवली आणि १ जून १९६१ पासून स्टीरिओ प्रसारण सुरू झालं. त्याआधी काही स्टेशनं एक चॅनल एएमवर आणि दुसरा एफएमवर सोडायची आणि घरी दोन रेडिओ शेजारी ठेवून स्टीरिओ ऐकायचा असा जुगाड चाले. नवी पद्धत आली आणि जेमतेम पाच-सहा वर्षांत ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची सुट्टी केली. पण तेवढ्या काळात जे बनलं ते अफाट होतं. गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आमच्या आसपासच बनलं. फिशर आणि मरँट्झ न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत, मॅकिंटॉश बिंगहॅम्टनला, डायनाको फिलाडेल्फियात, स्कॉट मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्डला. एडिसनहून गाडी काढली तर यातलं कुठलंही गाव एका दिवसात गाठता येतं. इकडच्या गराज सेलमध्ये हे डबे अजून अधूनमधून दिसतात ते त्यामुळेच.

आणि मुळात एफएमच इथलं. एडविन आर्मस्ट्राँग हा कोलंबिया विद्यापीठाचा प्राध्यापक. १९३३ मध्ये त्याला वाइडबँड एफएमची पेटंटं मिळाली, १९३५ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये इंजिनियरांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं आणि मग हडसन नदीच्या काठावर, न्यू जर्सीतल्या अल्पाइनला, स्वतःच्या खर्चाने सव्वाचारशे फुटी टॉवर उभारला. तो टॉवर आजही उभा आहे. पॅलिसेड्स पार्कवेवरून जाताना दिसतो. पण १९४५ मध्ये एफसीसीने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून आजच्या ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवला, आणि लोकांच्या घरातले लाखांच्या घरातले एफएम रेडिओ एका फटक्यात निकामी झाले. चांगले चालणारे, नीट बनवलेले रेडिओ. त्यांच्यात काहीही बिघडलं नव्हतं, फक्त त्यांच्यासाठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे आर्मस्ट्राँग आरसीएबरोबरच्या पेटंटच्या भांडणात पिचून गेला आणि १९५४ मध्ये त्याने आत्महत्या केली. बायकोने, मॅरियनने, ते खटले नेटाने लढवले आणि शेवटचा १९६७ मध्ये जिंकला.

ही गोष्ट सांगण्याचं कारण एवढंच, की ट्यूनर ही एकट्याने जगणारी वस्तू नाही. ग्रामोफोन घेतला तर तबकड्या आपल्या कपाटात असतात. ट्यूनरच्या बाबतीत अर्धं यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नुसता क्लायंट आहे, सर्व्हर दुसऱ्याचा. सर्व्हर बंद पडला की क्लायंटला कितीही पॉलिश करा, काय उपयोग?

म्हणून आधी स्टेशन.

न्यूयॉर्कच्या परिसरात राहणाऱ्याचं नशीब थोर. डायलच्या खालच्या टोकाला ८८.३ वर डब्ल्यूबीजीओ आहे, नेवार्कचं, जॅझवाल्यांचं. ८९.९ वर कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर, विद्यार्थ्यांनी चालवलेलं. तिथे जॅझ तर आहेच, शिवाय भारतीय शास्त्रीय संगीताला वर्षानुवर्षं जागा मिळत आली आहे. ९१.१ वर डब्ल्यूएफएमयू, ज्याचा नेम नाही पण ज्याची मजाच वेगळी. आणि १०५.९ वर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं डब्ल्यूक्यूएक्सआर. या स्टेशनांवर माणूस असतो. तो रेकॉर्ड निवडतो, तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलतो, कधी अडखळतो, आणि पूर्ण रेकॉर्ड वाजवतो. पाऊण तासाचा राग पाऊण तास चालतो.

याउलट डायलच्या मधल्या भागातली बरीच व्यापारी स्टेशनं. तिथे गाणं प्रसारित होण्याआधी प्रोसेसरमधून असं काही दाबून काढलेलं असतं की हळू आवाज आणि मोठा आवाज यांतला फरकच शिल्लक राहत नाही. गाडीत, टायरच्या आवाजात ऐकायला ते सोयीचं आहे, तक्रार नाही. पण ते ऐकायला साठ वर्षांपूर्वीचा ट्यूनर आणणं म्हणजे वडापाव खायला चांदीचं ताट काढणं. वडापाव वाईट नाही हो, पण ताटाचं काय काम?

माझी कसोटी साधी आहे. ट्यूनर घ्यायच्या आधी महिनाभर एखाद्या स्वस्तातल्या पोर्टेबल रेडिओवर ऐका. आठवड्यातून दोन वेळा तरी, फक्त ऐकायला म्हणून, हातात फोन न घेता बसणं झालं का? एखाद्या कार्यक्रमाची वेळ डोक्यात राहिली का? राहिली असेल तर पुढे वाचा. नसेल तर पैसे वाचले, मला पार्टी द्या :-)

आता अँटेना.

इथे भलेभले घसरतात. हजार डॉलरचा ट्यूनर घेतात आणि त्याला खिडकीवर चिकटवलेली वायर लावतात. एफएमच्या साधारण मध्यावर, ९८ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी येते तीन मीटरच्या आसपास. म्हणजे अर्ध्या तरंगाचा डायपोल झाला दीड मीटर, पाच फूट. एवढी लांब गोष्ट मोकळ्यावर, योग्य दिशेला धरून, शक्य तितक्या उंचावर टांगायची, हे अँटेनाचं सगळं शास्त्र. अपार्टमेंटवाल्यांना गच्ची मिळत नाही हे मान्य. पण पोटमाळा असेल तर तिथे, नाहीतर स्टेशनच्या दिशेच्या भिंतीवर, पडद्याच्या मागे आडवा डायपोल लावला तरी खिडकीतल्या लोंबत्या वायरीपेक्षा फरक पडतो.

शहराजवळ खरा त्रास सिग्नल कमी असण्याचा नसतोच. त्रास असतो एकाच सिग्नलच्या अनेक प्रती येण्याचा. एक सरळ टॉवरकडून, एक समोरच्या इमारतीवर आपटून, एक पाण्याच्या टाकीवरून. त्या एकमेकांत मिसळल्या की 'स' आणि 'श' फाटतात, तबल्याची चाट खरखरीत होते. याला मल्टिपाथ म्हणतात. कुठलाही व्हॉल्व्ह बदलून हा आजार जात नाही, अँटेनाचं तोंड फिरवलं की जातो. शिवाय स्टीरिओला मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त तगडा सिग्नल लागतो, तेव्हाच तो तितका निवांत ऐकू येतो. डब्ल्यूक्यूएक्सआरचंच बघा. २००९ मध्ये ते ९६.३ वरून १०५.९ वर गेलं आणि त्याची प्रसारणशक्ती जवळजवळ दहापट घटली. मॅनहॅटनमध्ये ठीक आहे, पण आमच्याकडे एडिसनला ते स्टीरिओत सळसळतं. त्यावर दोनच इलाज, चांगली अँटेना किंवा मोनोचं बटण. दोन्हींची किंमत ट्यूनरपेक्षा कमी.

एक बारीक गोष्ट जाता जाता. जुन्या ट्यूनरच्या पाठीवर ३०० ओमचे दोन स्क्रू असतात आणि आजची केबल ७५ ओमची, गोल. मध्ये छोटासा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो, बालन म्हणतात त्याला. चार-पाच डॉलरची वस्तू आहे, पण ती नसल्यामुळे "ट्यूनरमध्ये दम नाही" असा निकाल देणारे महाभाग मी बघितलेत.

तिसरा नंबर दुरुस्तीवाल्याचा.

जाहिरातीत "तपासलेला, चालू स्थितीत" असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की प्लग लावला, दिवा लागला, काहीतरी आवाज आला. आपल्या धंद्यातलं "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आठवा, तेच हे! माझ्या एका सहकाऱ्याने असाच एक "संपूर्ण सर्व्हिसिंग केलेला" ट्यूनर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला. उघडून बघितला तर सर्व्हिसिंग म्हणजे काच पुसलेली आणि बटणं चकाचक. आतले कागदी कॅपॅसिटर जसेच्या तसे, आणि आयएफ ट्रान्सफॉर्मरचे गाभे कुणीतरी स्क्रू ड्रायव्हरने पिळून ठेवलेले.

हे गाभे पिळणं किती वाईट ते सांगतो. एफएम ट्यूनरमध्ये सगळी स्टेशनं आधी १०.७ मेगाहर्ट्झ या एकाच फ्रीक्वेन्सीवर आणली जातात आणि तिथे दोन-चार टप्प्यांत गाळली जातात. या गाळण्याच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा आकार बरोबर जुळलेला असावा लागतो, आणि शेवटी जो डिटेक्टर असतो त्याची रेषा सरळ असावी लागते. कारखान्यात हे काम सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप लावून व्हायचं. साठ वर्षांत कार्बनचे रेझिस्टर सरकतात, कॅपॅसिटर बदलतात आणि ही जुळणी हलते. जुळणी हललेला महागडा ट्यूनर हा जुळणी केलेल्या स्वस्त ट्यूनरपुढे नक्की हरतो. यात मतभेदाला जागाच नाही.

म्हणून आधी असा माणूस शोधा ज्याच्याकडे उपकरणं आहेत आणि जो "व्हॉल्व्ह बदलून देतो" एवढ्यावर थांबत नाही. त्याला विचारा, अलाइनमेंट करणार का, त्याची आकृती दाखवणार का. तो जितके पैसे मागेल तितके बाजूला काढा. ते बहुधा ट्यूनरच्या किमतीएवढे, कधी जास्त असतील. ते परवडत नसेल तर ट्यूनर परवडत नाही, हिशेब संपला.

"मी स्वतःच करेन, इंजिनियर आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक धोक्याची पाटी. आत दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेले असू शकतात. कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला केलेल्या बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलवर विसंबून हात घालू नका. तिथे आपण ५ व्होल्टवर एलईडी लावले होते. आणि कित्येक वर्षं बंद असलेला डबा घरी आणल्याआणल्या प्लगला लावायचा मोहही आवरा. सुकलेल्या कॅपॅसिटरचा बदला ट्रान्सफॉर्मर घेतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही.

आणि आता, एकदाचा, ट्यूनर.

आधी एक गैरसमज. "व्हॉल्व्हचा उबदार आवाज" हे शब्द या बाबतीत फार स्वस्त झालेत. ट्यूनरमधले बरेचसे व्हॉल्व्ह मेगाहर्ट्झमध्ये काम करत असतात. ते गाणं ऐकतच नाहीत, ते गाण्याने हललेली फ्रीक्वेन्सी वाहून नेतात. आवाज जन्माला येतो डिटेक्टरमध्ये, आणि त्यानंतर व्हॉल्व्हचे एक-दोन टप्पे असतात. तेव्हा आवाजाचा पोत ठरतो तो आयएफ गाळणी किती रुंद आणि किती सरळ आहे, डिटेक्टर कसा आहे आणि स्टीरिओ वेगळं करणारा मल्टिप्लेक्सचा भाग कसा आहे यावरून. जुने चांगले ट्यूनर गोड लागतात याचं मोठं कारण त्यांच्या गाळण्या रुंद आहेत हे आहे. तेव्हा डायलवर गर्दी नव्हती, म्हणून रुंदी परवडायची. स्कॉटवाले तर आपल्या २ मेगाहर्ट्झ रुंद डिटेक्टरची जाहिरात करायचे. मात्र हीच रुंदी आजच्या गर्दीत शेजारच्या स्टेशनलाही घरात घेते. गुण आणि दोष एकाच खोलीत राहतात.

याचा अजून एक नवा पैलू आहे, जो १९६१ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हता. २००२ मध्ये अमेरिकेत एचडी रेडिओला परवानगी मिळाली. त्यात स्टेशन आपल्या नेहमीच्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना, साधारण १२९ ते १९८ किलोहर्ट्झ अंतरावर, डिजिटल पट्ट्या सोडतं. अरुंद गाळणीच्या ट्यूनरला त्या दिसतही नाहीत. रुंद गाळणीचा व्हॉल्व्ह ट्यूनर त्या भाबडेपणाने आत घेतो आणि स्टीरिओ डिकोडर त्यांचं रूपांतर बारीक 'स्स्स' आवाजात करतो. लोक मग व्हॉल्व्ह बदलत बसतात. बिचाऱ्या व्हॉल्व्हचा काही दोष नाही! डिटेक्टर आणि मल्टिप्लेक्स यांच्यामध्ये एक छोटा फिल्टर बसवून घेतला, किंवा सरळ मोनोवर ऐकलं, की आवाज जातो.

तर माझी निवड. पहिली शिफारस ऐकून लोक नाक मुरडतात, पण देतोच. मोनो ट्यूनर घ्या. आयकोचा एचएफटी-९० घ्या, किंवा फिशरचा एखादा जुना मोनो. किंमत कमी, आतला भाग सोपा, मल्टिप्लेक्सची कटकट नाही, एचडीच्या 'स्स्स'ची नाही, आणि अशक्त स्टेशनही स्वच्छ लागतं. तुम्ही ज्या जुन्या रेकॉर्डिंगांसाठी हे सगळं करताय, सवाई गंधर्वांपासून चार्ली पार्करपर्यंत, ती मुळात मोनोच आहेत. अशा पुष्कळ ट्यूनरना मागे मल्टिप्लेक्सचं भोक असतं, पुढे वाटलं तर तिथून वेगळा डिकोडर जोडता येतो. शिवाय आयकोमध्ये ट्यूनिंगसाठी जो छोटा हिरवा दिवा आहे तो काट्याबरोबर डायलवर सरकतो. आहे उद्गारचिन्हाच्या आकाराचा! एवढ्यासाठीसुद्धा मी पैसे देईन.

दुसरी शिफारस डायनाको एफएम-३. स्टीरिओच हवं असेल तर. हा मुळात घरी जोडायचा किट म्हणून विकला जायचा, त्यामुळे त्याची पुस्तिका माणसाला समजेल अशी आहे. डेव्हिड हाफलरच्या या कंपनीने विचार केला की ग्राहकाकडे सिग्नल जनरेटर असणार नाही, म्हणून समोरच्या हिरव्या डोळ्याकडे बघत, स्टेशनच्याच सिग्नलवर जुळणी करता येईल अशी रचना केली. उत्तम डॉक्युमेंटेशन असलेला जुना कोड हातात पडल्यावर जो आनंद होतो तो मला त्या पुस्तिकेने दिला. अडचण एकच, तो हिरवा डोळा म्हणजे ईएमएम-८०१ व्हॉल्व्ह आता दुर्मिळ आणि महाग झालाय. घेताना डोळा उजळ आहे का बघा. आणि किट कुणी जोडलंय ते नशिबावर. सोल्डरिंग बघितलं की जोडणाऱ्याचा स्वभाव कळतो.

तिसरी, खिसा जरा जड असेल तर, स्कॉट ३५०-बी किंवा फिशर एफएम-१००-बी. कारखान्यात बनलेले, मजबूत, सुटे भाग बऱ्यापैकी मिळतात. (हा फिशर म्हणजे तोच एव्हरी फिशर, ज्याचं नाव १९७३ ते २०१५ लिंकन सेंटरच्या सभागृहाला होतं.) या दोघांतला कुठला, तर जो दुरुस्तीवाल्याने आधी हाताळलाय तो.

आणि मरँट्झ १०-बी? रिचर्ड सेक्वेराने डिझाइन केलेला, समोर चक्क ऑसिलोस्कोपची छोटी स्क्रीन, मल्टिपाथ डोळ्यांनी दिसतो. इंजिनियरिंग म्हणून साष्टांग दंडवत. पण तो बनवताना एवढा खर्च झाला की मरँट्झ कंपनी जेरीला आली आणि १९६४ मध्ये सुपरस्कोपला विकली गेली. ज्याने बनवणाऱ्याचं दिवाळं काढलं तो तुमच्यावर दया करेल असं समजू नका. त्याची स्क्रीन गेली तर दुसरी शोधा, दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर. तो म्युझियममध्ये किंवा दुसऱ्याच्या घरी बघावा. मॅकिंटॉश एमआर-७१ हा तुलनेने शहाणा, पण त्याची आजची किंमत ऐकण्याची कमी आणि जमवण्याची जास्त आहे.

भारतात न्यायचा विचार असेल तर तीन गोष्टी. एक, हे डबे ११७ व्होल्टचे, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दोन, अमेरिकेत डी-एम्फसिस ७५ मायक्रोसेकंद आणि भारतात ५० आहे, म्हणून वरच्या पट्टीतला आवाज जवळजवळ ३ डेसिबलनी दबलेला लागेल, दोन सुटे भाग बदलून घ्या. तीन, पुन्हा तोच प्रश्न, स्टेशन कुठलं? आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची 'रागम' वाहिनी २०१६ मध्ये आली, पण ती पुण्या-मुंबईत बसून ऐकायची तर अॅपवर. पुणे विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'सारखी कम्युनिटी केंद्रं आहेत, पण त्यांचा पल्ला छोटा. उरतात विविध भारती आणि खाजगी स्टेशनं. विविध भारतीसाठी ट्यूनर घेणारा माणूस मला मनापासून आवडेल, पण त्यानेही हिशेब करून घ्यावा.

आता कुणीतरी म्हणणारच, "अरे, हीच स्टेशनं इंटरनेटवर येतात. पंचवीस-तीस डॉलरचा यूएसबी रिसीव्हर लॅपटॉपला लावला तर सॉफ्टवेअरमध्ये याच्यापेक्षा सरळ गाळणी लिहिता येते." अगदी खरं. मोजमापांत तो जिंकेल, मी स्वतः तसं करून बघितलंय. पण दिवसभर ज्या स्क्रीनवर बग बघितले तिच्यावरच संध्याकाळी मालकंस ऐकायचा म्हणजे हात आपोआप मेलकडे जातो. ट्यूनरला एकच बटण आहे. पुढचं गाणं, मागचं गाणं, थांबा, परत लावा, यातलं काही नाही. तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर स्टेशन जरा सरकतं, उठून परत जुळवावं लागतं. वेळेवर बसला नाहीत तर कार्यक्रम तुमच्यासाठी थांबत नाही. ही गैरसोयच मला विकत घ्यायची आहे. ती मी मान्य करतो, आवाजाच्या नावाखाली लपवत नाही.

आणि म्हणूनच शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ च्या अखेरीस आपलं एफएम बंद केलं. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर रद्द केले. आपण ज्या स्टेशनांसाठी हा सगळा खटाटोप करतो ती बहुतांशी याच दुनियेतली, देणग्यांवर, विद्यार्थ्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालणारी. १९४५ मध्ये घराघरांतले चांगले रेडिओ कसे मुके झाले ते वर सांगितलंच. यावेळी फ्रीक्वेन्सी बदलणार नाही, एकेक स्टेशन भाडं परवडत नाही म्हणून गप्प होईल किंवा विकलं जाईल. आणि आपण अलाइनमेंट केलेला, नवे कॅपॅसिटर घातलेला ट्यूनर लावून जाहिराती ऐकत बसू.

तेव्हा बजेट करताना एक ओळ वाढवा. ट्यूनरचे जेवढे, त्याच्या निम्मे दरवर्षी स्टेशनला. देणगी मागायचा आठवडा आला की आपण चॅनल बदलतो (सगळेच बदलतात), तसं न करता फोन उचला. मी मित्रांना सांगतो, १०-बी आणि डायनाको यांच्या किमतीत जो फरक आहे तेवढ्यात डब्ल्यूबीजीओचे तुम्ही कित्येक वर्षांचे सभासद होता. चांगल्या गाळणीपेक्षा हा खर्च आवाज जास्त सुधारतो, कारण यामुळे आवाज असतो.

असो. लांबलं. तिघांपैकी एकाने हे ऐकून ट्यूनरचा नाद सोडला, एकाने ऐकून न ऐकल्यासारखं करून मॅकिंटॉश घेतला, आणि तिसऱ्याने पोटमाळ्यावर डायपोल टांगून चाळीस डॉलरच्या रेडिओवर समाधान मानलंय. सध्या सगळ्यात जास्त ऐकतो तो तिसराच. त्याला आता डायनाको घ्यायला माझी काही हरकत नाही.